दप्तर कुणाच्या ताब्यात?

२००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा करणाऱ्या माणसाकडे सर्वांत आधी मागितला जातो तो पुरावा. ज्या रानात पिढ्यान्‌पिढ्या नाचणी-वरई पिकविली, ज्या ओहोळाचे पाणी प्यायले, तेथे आपण होतो हे त्याने कागदाने सिद्ध करावयाचे. आणि कागद तेवढा त्याच्यापाशी नसतो. अनुसूचित जमातीच्या दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. जो अनुसूचित जमातीत मोडत नाही (सह्याद्रीच्या माथ्यावरील धनगरवाड्यांतला माणूस हे त्याचे ठळक उदाहरण) त्याला त्या तारखेपूर्वी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, आपली वस्ती आणि उपजीविका त्या वनावर होती असे दाखवावे लागते. हिशेब सरळ आहे. त्याला १९३० च्या आधीची साक्ष हवी.

या कायद्याचे २००८ चे नियम वाचले तर ते बरेच उदार आहेत. तेराव्या नियमात पुराव्यांची यादी दिली आहे. तीत गॅझेटियर आहेत, जनगणनेचे अहवाल आहेत, सर्व्हे आणि सेटलमेंटचे अहवाल, नकाशे, वनखात्याच्या कार्य-आयोजना आणि चौकशी अहवाल आहेत. वडीलधाऱ्या माणसांचे लिहून घेतलेले जबाबही आहेत. अमुकच एका प्रकारचा कागद हवा असा हट्ट समित्यांनी धरू नये, हेही २०१२ च्या दुरुस्तीने सांगितले. तरीही दावे फेटाळले गेले आणि लाखांच्या संख्येने फेटाळले गेले. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दावेदारांना हुसकावण्याचा आदेश दिला, देशभर खळबळ उडाली, आणि २८ फेब्रुवारीला तो आदेश स्थगित झाला. त्या पंधरवड्यात जे कार्यकर्ते पाड्यापाड्यांतून फिरले असतील, त्यांना कागदाची किंमत नव्याने सांगावयास नको.

पण हे गॅझेटियर, हे सेटलमेंटचे अहवाल असतात कोठे? तलाठ्याच्या दप्तरात ते नसतात. तहसील कचेरीतील कारकुनाने त्यांचे नावही ऐकलेले नसते. ते असतात जुन्या विद्यापीठांच्या आणि अभ्याससंस्थांच्या ग्रंथालयांत, ‘दुर्मिळ’ असा शिक्का मारलेल्या कपाटांत. आणि गेल्या पंचवीसएक वर्षांत त्यांतले पुष्कळसे कागद स्कॅन होऊन, म्हणजे पानापानाच्या प्रतिमा काढून, संगणकावर आले आहेत. विद्यापीठ ग्रंथालयांतील विशेष संग्रहांचे हे अंकीकरण म्हणजे संशोधकांच्या सोयीची बाब, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. चळवळीच्या माणसाने तरी असे मानू नये.

पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाचे उदाहरण घेण्यासारखे आहे. या ग्रंथालयाचे मूळ भारत सेवक समाजाच्या ग्रंथालयात आहे. नामदार गोखल्यांनी १९०५ साली समाजाची स्थापना केली तेव्हा सदस्याला पाच वर्षांच्या प्रशिक्षणाचे बंधन घातले आणि त्यातला मोठा भाग अभ्यासाचा ठेवला. राजकीय कार्यकर्ता पुस्तकांच्या सहवासात तयार व्हावा ही कल्पना आज कोणाला हास्यास्पद वाटेल. परंतु गोखल्यांचे सारे सामर्थ्य तिच्यातच होते. १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना, पुढे कलकत्त्याच्या विधिमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना, त्यांनी सरकारवर उगारलेले प्रत्येक हत्यार सरकारच्याच अहवालातून घडविलेले होते. दादाभाईंनी हेच केले. डॉ. आंबेडकरांनी प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील आपला ग्रंथ सरकारी कागदपत्रांच्या राशी उपसूनच लिहिला. राज्यकर्त्याने आपल्या सोयीसाठी जमविलेली माहिती रयतेच्या बाजूने वाचावयाची, ही महाराष्ट्रातील अर्थचिंतनाची जुनी रीत आहे. १९३० साली गोखले संस्था निघाली, धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले, आणि ती रीत एका संस्थेच्या शिस्तीत आली. वाई तालुक्यातील शेतीची पाहणी, पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी ही कामे त्या शिस्तीची फळे होत.

या ग्रंथालयाने आपल्याकडील जुने, हक्क संपलेले ग्रंथ आणि अहवाल स्कॅन करून सर्वांसाठी खुले केले. कोणाची शिफारस नको, कोणाचे ओळखपत्र नको. पूर्वी असा एखादा अहवाल पाहावयाचा तर पुण्याला यावे लागे. मुक्काम, खाणावळ, ग्रंथपालाची परवानगी आणि हाताने उतरवून घेण्याचे श्रम, एवढे सगळे जमणारा माणूस बहुधा प्राध्यापक असे. मोखाड्याच्या किंवा अक्कलकुव्याच्या कार्यकर्त्याला ते जमणारे नव्हते. आज तेच पान तो आपल्या हातातील फोनवर उघडू शकतो. ही क्रांती आहे असे म्हणण्याचा मोह होतो. मात्र ती अर्धीच झाली आहे.

या कागदांत काय असते हे एका उदाहरणाने पाहावे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील जंगलांबाबत रयतेच्या तक्रारी फार वाढल्या तेव्हा मुंबई सरकारने १८८५ मध्ये एक वन आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. वादाचा एक प्रमुख मुद्दा होता राब. भाताची रोपे करावयाच्या वाफ्यावर पालापाचोळा, फांद्या, शेण, गवत पसरून ते भाजावयाचे, ही कोकणची आणि घाटमाथ्याची जुनी शेतीपद्धती. वनखात्याला फांद्या तोडणे मान्य नव्हते, शेतकऱ्याला त्यावाचून रोप काढणे शक्य नव्हते. आयोगापुढे या प्रश्नाचा मोठा खल झाला. आता वनखात्याचा अधिकारी जेव्हा म्हणतो, की या लोकांचा जंगलाशी संबंध अलीकडचा आहे, अतिक्रमणाचा आहे, तेव्हा त्याच्याच खात्याच्या वादातून जन्मलेला हा अहवाल त्याच्यापुढे ठेवता येतो. लोक तेथे होते, त्यांची वहिवाट होती, आणि सरकारला ती ठाऊक होती. पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातील आदिवासी मुलखाचा अहवाल लिहिला. वारल्यांवर लादलेली वेठ आणि सावकाराचा पाश यांचे जे चित्र त्यात आहे, ते वाचल्यावर १९४५ चा वारली उठाव का झाला हा प्रश्न उरत नाही. या कागदांतून एखाद्या कुटुंबाच्या एखाद्या तुकड्याचा ताबा सिद्ध होत नाही, हे खरे. गटनंबर त्यांत सापडावयाचा नाही. पण समाजाची वस्ती, वहिवाट आणि त्या वनावरील अवलंबन यांची साक्ष ते देतात, आणि सामूहिक हक्काच्या दाव्यात नेमकी तीच हवी असते.

अर्धी राहिलेली क्रांती कोठे अडली? ती अडली यादीपाशी. ग्रंथाच्या पानांची प्रतिमा घेणे हे यंत्राचे काम आहे. त्यात काय आहे हे सांगणे माणसाचे. १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर घ्या. त्यात गावांची नावे रोमन लिपीत, अक्षरांवर आघातचिन्हे देऊन छापली आहेत; जुन्या छपाईचे ते पान यंत्राला वाचावयास दिले की त्या नावांचे कडबोळे होते. गावाचे आजचे नाव घालून शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. शिवाय मुलूख तोच राहिला तरी त्याचे तालुके-जिल्हे बदलले. आज पालघर हा स्वतंत्र जिल्हा आहे, पण गॅझेटियरच्या काळी पालघर नावाचा तालुकाही नव्हता. त्या भागाची माहिती माहीम तालुक्याखाली आहे, आणि हे माहीम म्हणजे केळवे-माहीम, मुंबईतले नव्हे. कर्जत आणि पनवेल आज रायगडात आहेत, १८८२ साली ती ठाण्यात होती. तेव्हा कुलाब्याचा खंड कितीही चाळला तरी कर्जतच्या कातकऱ्याची माहिती तेथे मिळणार नाही. जव्हार हे तर संस्थानच होते. तेथील महसुली कागदांची वाटच निराळी. गडचिरोलीच्या माणसाने मुंबई इलाख्याचे कागद पाहण्यात अर्थ नाही, त्याला मध्य प्रांताचा जुना चांदा जिल्हा शोधावा लागेल. जाणत्या ग्रंथपालाला हे सारे तोंडपाठ असते. संगणकाला ते कोणी शिकविले तरच येते, आणि शिकविण्याचे काम कोणाच्याच कार्यकक्षेत नाही. बहुतेक संग्रहांच्या याद्या इंग्रजीत आहेत. मराठीतून विषय, तालुका, जमात, पीक, कर अशी सूची असेल तर पाड्यावरचा शिकलेला तरुण ती वापरील. नसेल तर सगळा संग्रह खुला असूनही त्याच्यापुरता बंदच.

याद्या किती निष्काळजीपणे होऊ शकतात याचा धडा ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ने दिलेला आहे. २००० नंतरच्या दशकात बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठ यांच्या सहकार्याने, सार्वजनिक पैशाने, देशभरच्या ग्रंथालयांतील ग्रंथ स्कॅन करण्यात आले. पुण्याच्या ग्रंथालयांतील ग्रंथही त्यात होते. काम प्रचंड झाले. ग्रंथसंख्या काही लाखांत गेली. पण मराठी ग्रंथांची नावे रोमन लिपीत अशी काही टंकित झाली की ग्रंथकाराला स्वतःचा ग्रंथ ओळखू येऊ नये. कोठे पाने उलटी, कोठे गहाळ. आणि २०१७ च्या सुमारास ते संकेतस्थळच बंद पडले. आज हे ग्रंथ वाचावयास मिळतात ते सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या विनानफा संस्थेने त्यांच्या प्रती आपल्याकडे ठेवल्या म्हणून. भारतीय करदात्याने खर्च केला, भारतीय मजुराने पानामागून पान उलटले, आणि ठेवा शाबूत राहिला तो परदेशी सद्‌भावनेवर. त्या संस्थेचे आभार मानलेच पाहिजेत. पण सार्वजनिक दप्तर आपल्या जबाबदारीवर सांभाळता न येणाऱ्या शासनाला काय म्हणावे?

परदेशी ताब्याचा विषय निघालाच आहे, तर जुन्या वाचकांना पी. एल. ४८० ची आठवण करून द्यावयास हरकत नाही. अमेरिकेच्या १९५४ च्या त्या कायद्याखाली आलेल्या गव्हाची किंमत भारत रुपयांत मोजत होता आणि ते रुपये येथेच अमेरिकेच्या खाती साचत होते. त्यांतून भारतीय पुस्तके विकत घ्यावयाची योजना अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाने १९६२ मध्ये दिल्लीत कचेरी उघडून सुरू केली. शिकागो, पेनसिल्व्हानिया, बर्कली अशा विद्यापीठांत दरवर्षी मराठी पुस्तकांच्या पेट्या जाऊ लागल्या. कथा-कादंबऱ्या गेल्या, वार्षिक अहवाल गेले, चळवळींच्या पुस्तिकाही गेल्या. १९७४ साली दोन सरकारांत तडजोड होऊन त्या रुपयांचा मोठा भाग माफ झाला, पण पुस्तके तिकडे सुखरूप राहिली. रेशनच्या रांगेत उभे राहून ज्यांनी तो गहू घेतला, त्यांच्याच साहित्याचा संग्रह शिकागोत नीट लावलेला सापडावा, यात कारस्थान शोधण्याचे कारण नाही. ग्रंथपालांनी आपले काम चोख केले एवढेच. २००४ पासून गूगलने अमेरिकन विद्यापीठांची ग्रंथालये स्कॅन करावयास घेतली तेव्हा त्यांतली मराठी पुस्तकेही यंत्राखाली गेली. आज त्यांतली बरीचशी तेथील सामाईक अंकीय भांडारात फक्त शोधता येतात, वाचता येत नाहीत, कारण हक्क संपल्याची कोणाला खात्री नाही. मराठी लेखकाच्या वारसाला त्याचा मागमूस नाही, आणि मराठी वाचकाला पान उघडत नाही.

अर्थशास्त्राच्या साध्या नियमाने पाहिले तर स्कॅन केलेल्या ग्रंथाची दुसरी प्रत जवळपास फुकट पडते. ज्या वस्तूच्या एका अधिक उपभोगाला खर्च नाही तिला किंमत लावणे हे समाजाचे नुकसान आहे, हे बाजारवाद्यांच्याही पाठ्यपुस्तकात आहे. परंतु पहिली प्रत फुकट नसते आणि तिची निगाही फुकट नसते. आपल्याकडे अंकीकरणाला पैसा मिळतो तो प्रकल्प म्हणून, एकदा. यंत्रे घेतली जातात, कंत्राटदार नेमला जातो, त्याची मुले पानामागे ठरलेल्या दराने राबतात, उद्‌घाटनाचा फोटो निघतो. पुढच्या वर्षी साठवणुकीचा, दुरुस्तीचा, यादी सुधारण्याचा खर्च कोणत्या शीर्षाखाली घालावयाचा हे कोणाला माहीत नसते. धरण बांधावयास पैसा आहे, पाटचाऱ्यांच्या डागडुजीला नाही, हा महाराष्ट्राला परिचित असलेलाच रोग. ग्रंथपालाचे पद रिकामे ठेवून ग्रंथालय अद्ययावत झाल्याचा दावा करणारी विद्यापीठे थोडीथोडकी नाहीत.

पैसा नाही ही सबब तर मान्य होण्यासारखीच नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेला मंजुरी दिली: तीन वर्षांत सुमारे ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके. त्यांतले बहुतेक प्रकाशक बड्या आंतरराष्ट्रीय कंपन्या आहेत. विद्यार्थ्याला नियतकालिके मिळावीत, याला कोणाचा विरोध असणार? पण वर्गणी संपली की हाती काय उरते, हाही प्रश्न आहे. २०२५ च्या अंदाजपत्रकात ‘ज्ञान भारतम्’ या नावाने एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी आणि जतन करण्याची घोषणा झाली. हस्तलिखिते जतन व्हावीतच. मात्र पोथीला अभियान आणि सेटलमेंट रिपोर्टाला वाळवी, ही निवड निरागस नाही. पोथीतून वैभव सिद्ध करता येते. सेटलमेंट रिपोर्टातून जमीन कोणाची होती हे बाहेर येते.

आणि जे कधीच कोणत्या कपाटात गेले नाही त्याचे काय? सरकारी अहवाल निदान छापले तरी गेले. कामगारांचे कागद ना. म. जोशींसारख्या एखाद्याचे दिल्लीच्या नेहरू संग्रहालयात पोचले. ते त्यांच्या योग्यतेमुळे आणि संस्थेच्या भाग्यामुळे. गिरणगावातील चाळसमित्यांची इतिवृत्ते, संपकाळातील हस्तपत्रके, वर्गणीची पावतीपुस्तके यांतले किती उरले? १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले आणि हजेरीपट रद्दीत गेले. पुढे गिरणी कामगारांना घरे देण्याची वेळ आली तेव्हा अट पडली, की १ जानेवारी १९८२ रोजी अथवा त्यानंतर कामगार पटावर असला पाहिजे. म्हातारे कामगार आणि त्यांच्या विधवा पितळी बिल्ले, फाटकी तिकिटे, प्रॉव्हिडंट फंडाचे चिटोरे घेऊन खेटे घालू लागल्या. मालकाने पट जपले नाहीत याची शिक्षा कामगाराला. मुंबईतल्या एखाद्या विद्यापीठ ग्रंथालयाने गिरण्या बंद होत असतानाच ते पट मागून घेतले असते, तर पुष्कळ घरांचा निकाल सोपा झाला असता.

येथे एक सावधगिरी नोंदविली पाहिजे. जुने दप्तर नेहमीच गरिबाचा मित्र नसते. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली ज्यांची नोंद झाली, त्या पारधी, भामटा, कैकाडी आदी जमातींविषयी गॅझेटियरांत आणि पोलिसी अहवालांत जे लिहिले आहे ते वाचवत नाही. १९५२ मध्ये त्या ‘विमुक्त’ झाल्या, पण ठाणेदाराच्या मनातून नव्हे. अशी पाने कसल्याही टिपेशिवाय खुली केली, त्यांवर यंत्राने शोध घेण्याची सोय केली, तर तीच भाषा नव्या अधिकृततेने फिरू लागेल. पाने लपवावीत असा याचा अर्थ नाही. पण व्यक्तींची नावे असलेल्या अलीकडच्या नोंदी विचारपूर्वक हाताळल्या पाहिजेत आणि सूची करताना त्या समाजांतील शिकलेली माणसे बरोबर घेतली पाहिजेत. प्राध्यापकांनी परस्पर ठरविण्याची ही गोष्ट नव्हे.

कायद्याची आडकाठी सांगितली जाते ती बव्हंशी लटकी आहे. सरकारी प्रकाशनावरील प्रताधिकार साठ वर्षांनी संपतो. म्हणजे ब्रिटिश अमदानीतील सगळे अहवाल आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दीड दशकातलेही मोकळे आहेत. प्रताधिकार कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्या ताब्यातील ग्रंथाची अंकीय प्रत जतनासाठी ठेवण्याची मुभा दिली आहे. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागून फायली जळाल्या, तेव्हा दुसरी प्रत कोठे आहे हा प्रश्न साऱ्या महाराष्ट्राने विचारला होता. जुन्या सेटलमेंट अहवालांच्या बाबतीत तो आजही विचारण्यासारखा आहे.

विद्यापीठांच्या अधिसभेत पक्षाचे मित्र निवडून जातात. परीक्षांचे घोळ आणि शुल्कवाढ यांवर ते बोलतात, बोललेच पाहिजे. अंदाजपत्रकाच्या बैठकीत त्यांनी आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: स्कॅन केलेल्या संग्रहाच्या देखभालीसाठी दरवर्षीची तरतूद किती, तो बाहेरच्या माणसाला परवानगीवाचून खुला आहे काय, आणि त्याची मराठी सूची कोण करीत आहे. सूचीसाठी इतिहास, अर्थशास्त्र आणि ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी पगार देऊन लावता येतील. रोजगार हमीचा जनक असलेल्या राज्याला ही कल्पना अवघड वाटू नये. मोडी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरत आहेत, त्यांना आत्ताच बोलवावे.

वनहक्क समित्यांबरोबर काम करणाऱ्यांनी मात्र विद्यापीठांची वाट पाहू नये. गोखले संस्थेचा संग्रह खुला आहे. राज्याच्या दर्शनिका विभागाने जुन्या गॅझेटियरांची पुनर्मुद्रणे केली आहेत. तालुक्याच्या शिबिरात एक दुपार यासाठी ठेवावी. आपला तालुका १९३० पूर्वी कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या नावाने होता हे आधी ठरवावे. मग गॅझेटियरमधील लोकसमाजाचे प्रकरण, शेतीचे प्रकरण आणि तालुक्याचे वर्णन एवढीच पाने उतरवून घ्यावीत, ग्रंथाचे नाव, साल आणि पृष्ठांक घालून, मराठी गोषवाऱ्यासह ती ग्रामसभेच्या ठरावाला जोडावीत. वडीलधाऱ्यांचे जबाब त्याच वेळी लिहून घ्यावेत. छापील पान आणि म्हाताऱ्याचा शब्द एकत्र आले की उपविभागीय समितीला दावा झटकून टाकणे जड जाते, कारण एकाहून अधिक पुरावे पाहण्याचे बंधन नियमानेच तिच्यावर आहे. कर्जतच्या मंडळींनी सुरुवात ठाण्याच्या खंडापासून करावी.